कोळशाच्या बाजूने

दाभोळच्या जेटीवरून वर चढणारी पाखाडी,
तिसऱ्या वळणावर नूरुद्दीन खलफ्यांची पडवी.
जाळं नाही, वल्हं नाही,
काचेच्या फडताळात सतरा इंजिनं.

मी लेथवाली. ट्रॉलरांचे शाफ्ट खरडते,
केसांत कायमचा डिझेलचा वास.
पण अर्ध्या सुताचा नट हवा झाला
की चाचांचा निरोप येतो: हात धुऊन ये.

एक आहे डुलत्या सिलिंडरचं,
नंदीबैलासारखं कशालाही हो म्हणतं.
एकाचा बॉयलर हुबेहूब न्हाणीतला बंब, फक्त वीतभर;
चार चमचे पाणी, खाली करवंटीचा निखारा.
एकाला वाफच लागत नाही, गरम हवेवर चालतं,
दिव्यापुढे मिनिटभर विचार करतं
आणि मग निघतं.
एकाची तुळई टोळाच्या पायासारखी दुमडते;
असली चारपाचच उरलीत, चाचा म्हणतात.
चाचांचं म्हणणं मी निम्मं धरते.

खारा वारा पितळेला सोडत नाही.
दर शुक्रवारी नमाजानंतर
भिजवलेली आमसुलं घेऊन बसतात,
चोळत राहतात एकेक चाक,
बोटं जांभळी,
इंजिनं नव्या नवऱ्यांसारखी.

सतरावं खालच्या फळीवर, फडक्यात.
बाणकोटला भंगारवाल्याकडे पोत्याखाली सापडलं.
ना नाव, ना नंबर.
जहाजाचं इंजिन, तीन सिलिंडर, दीड वीत उंच.
एका अंगाला सगळं आहे:
बोल्ट न् बोल्ट, तेलाच्या वाट्या, शिडीच्या झिजलेल्या पायऱ्या,
गळक्या पाइपाला बांधलेल्या चिंधीची
पितळेत कोरलेली गाठसुद्धा.
दुसऱ्या अंगाला नुसता पत्रा.
आणि फिरतं उलटं.

मुंबईहून धारप आले, जुनी इंजिनं जमवणारे.
भिंग, पांढरे हातमोजे.
टोळाला लाखाच्या वर बोलले.
सतरावं हातात फिरवून म्हणाले,
'अर्धवट आहे. कारागीर कंटाळला असणार.
दिशाही चुकलीय.'
चाचांनी चहा दिला,
फेरीबोटीची वेळ सांगितली.

ते गेल्यावर मला म्हणाले, 'आता तू बघ.'

मी जमिनीवर बसले, बोटाने चाक फिरवलं.
या टोकाकडून पाहिलं, मग उठून त्या टोकाकडून.
शाफ्ट एकच.
इथून डावा, तिथून उजवा.
विचारलं, 'चाचा, आगवाला इंजिनाशी कुठून यायचा?'
'बॉयलरच्या दारातनं.'
'आणि साहेब?'
'पलीकडनं. तिकडं घड्याळं, हुकमाची चाकं, पंखा.
तिकडं आमचं काम नसायचं.'

आमचं, म्हणाले.
चौदा वर्षं कोळसा ओढलेला माणूस.
मला वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,
फक्त दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं.

मी म्हटलं, 'कोरी बाजू भरून देऊ?
घड्याळं, चाकं, सगळं करीन. पावसाळ्यात काम नसतं.'
'नको,' म्हणाले.
'त्यानं पाहिलं नाय ते तू कशाला बघतेस?'

मग निखारा आणला.
पाणी आधी कुरकुरलं, मग बोलू लागलं.
इंजिनाने एक आचका दिला,
माझ्या मनगटावर उकळता थेंब पडला, अजून डाग आहे.
आणि ते फिरत राहिलं,
आपल्या दारातून पाहिलं तर
अगदी सरळ.

खाली धक्क्यावर माझा शाफ्ट अर्धा खरडलेला पडला होता,
गिऱ्हाईक दोनदा फोन करून शिव्या देऊन झालं होतं.
तरी जाता जाता फडताळाला हात लावला.
सतराव्याला मधली फळी,
कोळशाची बाजू दाराकडे.
टोळाला जरा सरकावं लागलं.